बर्फ लोटायचं पातं: वायर बरी की सळई?

अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठावर बफेलो नावाचं शहर आहे. तिथे वर्षाला सरासरी २४० सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडतो. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करायला अशा भागातली माणसं उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या छोट्या गार्डन ट्रॅक्टरलाच पुढून लोखंडी पातं जोडतात. बसल्या जागेवरून हे पातं उचलावं लागतं, आणि बर्फ कडेला सरकावा म्हणून डावी-उजवीकडे तिरकंही करावं लागतं. हाताचा जोर तिथवर न्यायचा कशाने?

दोन्ही मार्ग आपल्या ओळखीचे आहेत. जुन्या काळ्या सायकलच्या ब्रेकला सळया असायच्या. गिअरच्या स्कूटरच्या क्लचला वायर असायची.

वायरीची युक्ती सुंदर आहे. एर्नेस्ट बाउडेन या संशोधकाने १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतली तार ओढली जाते तेव्हा बाहेरचं नळीसारखं आवरण, म्हणजे आउटर, दाबलं जातं, त्यामुळे वायर कशीही वळवून नेली तरी ओढ पोचते. पण वळणावर तार आउटरला आतून घासते, आणि तिथे जोर खर्च होतो. किती खर्च होतो, हे वळण ऐसपैस आहे की आखूड यावर ठरत नाही. तार एकूण किती अंशांतून वळली यावर ठरतं. खुंटाला दोराचे दोन वेढे दिले की उधळलेला बैलही आवरतो, त्यामागचं गणित हेच. घर्षणांक (घासणीचं प्रमाण) ०.१५ धरला, तर पलीकडे २० किलोची ओढ मिळवायला ९० अंशांच्या वळणात साधारण २५ किलो लावावे लागतात. वळणांची बेरीज ३६० अंश झाली, तर ५१ किलो!

सळईला हा भुर्दंड नाही. ती ओढतेही आणि ढकलतेही. मात्र ढकलताना ती मधूनच वाकू शकते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवलं की लांबी दुप्पट झाली की सळईची न वाकता दाब सोसायची ताकद चौथाईवर येते. दहा मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकांना पिन असलेली पोलादी सळई एक मीटर लांब असेल तर सुमारे १०० किलोला वाकते, दोन मीटर असेल तर २५ किलोलाच. म्हणून उचलण्याची सळई ओढीत राहील अशी बसवलेली चांगली. पिनांची भोकं झिजली की ढिलाई येते खरी, पण सळई खडखडून ते सांगते. वायरीच्या तारा आउटरच्या आत, डोळ्याआड एकेक करून तुटत जातात.

माझ्या मते खरा निकाल थंडीच लावते. ट्रॅक्टरच्या खाली वायर झोळीसारखी लोंबत असेल, तर वितळलेल्या बर्फाचं पाणी आउटरमध्ये शिरून तिथेच साचतं. रात्री ते गोठतं, गोठताना ९ टक्क्यांनी फुगतं आणि तारेला जखडून टाकतं. सकाळी लिव्हर जागचा हलत नाही. जोर केला तर तार तुटते. सळईच्या सांध्यावरही बर्फ धरतो, पण तो समोर दिसतो आणि हातोडीच्या एका ठोक्यात निघतो.

म्हणून पातं उचलायला सळईच हवी. खाली यायला पात्याचं स्वतःचं वजन पुरतं, त्यामुळे सांध्यात लांबट खाच ठेवावी, म्हणजे पातं जमिनीच्या चढउताराबरोबर आपसूक वरखाली होतं. तिरकं करताना मात्र फक्त पात्याला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची खिटी सोडवायची असते. तेवढ्या हलक्या कामाला वायर चालते, कारण खिटी परत बसवायचं काम स्प्रिंग करते. ती वायर मध्ये कुठेही लोंबू द्यायची नाही, खालचं टोक उघडं ठेवायचं आणि जाड ग्रीस भरायचं नाही. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होऊन बसतं. पातळ तेलाचे चार थेंब घालावेत, आणि तेही पहिला बर्फ पडण्याआधी.