खुलासा: नुसता & लावून पोस्टग्रेस टर्मिनलपासून सुटत नाही
आज्ञेच्या शेवटी & लावला की पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर टर्मिनलपासून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीपासून) मोकळा झाला, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. & मुळे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ती आज्ञा संपायची वाट पाहत नाही, एवढंच. सर्व्हरचे 1 (आउटपुट) आणि 2 (एरर) हे दोन्ही प्रवाह होते तिथेच जोडलेले राहतात.

एसएसएचवरून (दूरच्या संगणकावर आज्ञा चालवण्याच्या सोयीवरून) सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट काम संपूनही लटकते, ती बहुतेकदा यामुळेच. पाइपचं, म्हणजे आउटपुट एसएसएचकडे नेणाऱ्या वाटेचं, एक टोक सर्व्हरने धरून ठेवलेलं असतं. तो ते सोडेपर्यंत एसएसएच बसून राहतं.

नुसतं > (1 ला फाइलकडे वळवणारं चिन्ह) लावूनही भागत नाही. पोस्टग्रेसचा लॉग (सर्व्हरच्या नोंदी) मुळात 2 वर येतो, म्हणून फाइल रिकामी आणि संदेश पडद्यावरच. आज्ञेपुढे लिहायचं ते असं (/डेव्ह/नल म्हणजे /dev/null, ही कायम रिकामी फाइल):

>>सर्व्हर.लॉग 2>&1 </डेव्ह/नल &

क्रम इथे फार महत्त्वाचा. 2>&1 म्हणजे 1 आत्ता जिथे जातो तिथेच 2 पाठव. शेल डावीकडून वाचतं; 2>&1 आधी लिहिलंत तर 2 टर्मिनललाच चिकटतो. पीजी_सीटीएल (pg_ctl, पोस्टग्रेस सुरू-बंद करणारी आज्ञा) वापरत असाल तर 'एल' (-l) पर्यायाने लॉगफाइल द्या, हे सगळं तोच करतो. तो पर्याय गाळलात तर दोन्ही प्रवाह पीजी_सीटीएलच्या आउटपुटवर येतात आणि मूळ अडचण तशीच राहते.

चालू लॉगफाइल डिलीट करू नका. सर्व्हरकडे ती उघडीच असते, त्यामुळे डिस्कवरची जागा सुटत नाही. रोज नवी फाइल हवी असेल तर लॉगिंग_कलेक्टर (logging_collector, लॉग गोळा करून फाइलमध्ये लिहिणारी पोस्टग्रेसची सेटिंग) 'ऑन' करा. त्यासाठी रिलोड पुरत नाही, रीस्टार्ट लागतो.