पऱ्हाटी पळते, सातपुडा सोबत चालतो

परतवाड्याहून मोर्शीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकी मिळाली की डाव्या हाताला सातपुडा दिसत राहतो. परवा शेजारी भाचा होता आणि त्याच्या हातात कुणाकडून तरी मागून आणलेला जुना गेम बॉय अॅडव्हान्स, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. पडद्यावर एक गडी सुसाट धावत, खड्ड्यांवरून उड्या मारत होता. "मामा, डोंगर पहा ना, आपल्यासंगच चालून रायला," भाचा म्हणाला. तो पडद्यातल्या डोंगराबद्दल बोलतोय की खिडकीबाहेरच्या, हे मला क्षणभर कळलंच नाही.

दोन्हीकडे तेच घडत होतं. बस ताशी 54 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 15 मीटर जातेय असं धरा. रस्त्यालगतच्या वावरातली 5 मीटरवरची पऱ्हाटी सर्रकन मागे पडते. 15 किलोमीटरवरचा डोंगर नजरेला तिच्यापेक्षा 3000 पट हळू सरकतो. या फरकावरून मेंदू जवळचं-दूरचं ओळखतो. 2001 साली आलेल्या या यंत्रात देखाव्याचे 4 पडदे एकावर एक ठेवून प्रत्येक वेगळ्या वेगाने सरकवता येतो. काचेवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं (पिक्सेलचं) बनतं; जमीन 4 ठिपके सरकली की डोंगर 1 ठिपका सरकवायचा. एवढ्यानेच सपाट काचेत खोली येते.

पण मला खरं नवल वाटतं ते जमिनीचं. पडद्यावर 240 गुणिले 160, म्हणजे 38,400 ठिपके. सेकंदाला सुमारे 60 चित्रं. हिशेब केला तर सेकंदाला जवळपास 23 लाख ठिपके होतात. यंत्राचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो ठोक्याठोक्याने काम करतो. त्याचे ठोके सेकंदाला 1 कोटी 68 लाखांच्या आसपास, म्हणजे एका ठिपक्यामागे जेमतेम 7. तेवढ्यात रंगवायचं कधी आणि खेळ चालवायचा कधी?

म्हणून प्रोसेसर रंगवतच नाही. देखावा 8 गुणिले 8 ठिपक्यांच्या फरश्यांचा बनतो आणि कुठे कोणती फरशी, एवढेच आकडे तो लिहितो. रंगवायचं काम चित्र काढणाऱ्या चिपचं, आणि देखाव्याचा पडदा सरकवायला तिला एक आकडा पुरतो. पालखीपुढे पायघड्या घालताना तुम्ही पाहिलं असेल, धोतरं मोजकीच असतात. पालखी पुढे गेली की मागचं उचलून पुढे अंथरतात. इथेही तसंच. देखाव्याचा असा साधा पडदा यंत्राच्या स्मृतीत कमीत कमी 32 फरश्या रुंद असतो, आणि काचेवर दिसतात त्यातल्या 30. डावीकडे जी उभी पट्टी नजरेआड गेली, तिच्याच जागी पुढच्या जमिनीच्या फरश्या लिहायच्या. पडदा गोल फिरून तीच पट्टी उजवीकडून आत येते. 38,400 ठिपक्यांचं काम एका उभ्या पट्टीतल्या विसेक आकड्यांवर येतं. हे लिहायला निवांत वेळही मिळतो: एक चित्र पूर्ण झाल्यावर पुढचं सुरू होईपर्यंत सुमारे 5 मिलिसेकंद.

यंत्राची अडचण अशी सुटली, माणसाची उरते. गडी पडद्याच्या मधोमध असेल तर त्याच्यापुढे 120 ठिपके दिसतात. दर चित्राला तो 6 ठिपके धावला, तर समोर उगवलेला काटा 20 चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पायाशी येतो. दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला पाव सेकंद सहज लागतो. उरतं ते डोळ्याचं पातं लवण्याइतकंही नाही. म्हणून वेगवान खेळात धावणाऱ्याला पडद्याच्या मागच्या बाजूला ठेवतात, पुढचं जास्त दिसू देतात. काही खेळांत तर कडा सुटल्यावरही दोन-चार चित्रांपर्यंत उडी मान्य होते. मला ही सवलत फार आवडते. खेळणाऱ्याने बटण वेळेवरच दाबलं होतं असं मानून ती दिलेली असते.

चांदूर बाजार मागे पडलं आणि दिवस कलला. या पहिल्या मॉडेलच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. बाहेरून पडलेला प्रकाश परतवूनच तो दिसतो. भर उन्हात त्यामुळे तो झकास दिसतो. आता भाचा यंत्र तिरपं करून खिडकीतला शेवटचा उजेड पकडत होता. सातपुडा काळा झाला होता, अजून आमच्यासंगच चालत होता.