पडद्यावरच्या मारामारीचा रचनाकार: सॅमो हंग यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

2027 मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून साहसदृश्यांच्या रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार दिला जाईल, असे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केले. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये असा विभाग 2016 च्या चित्रपटांसाठी, म्हणजे 2017 मध्ये सुरू झाला. हाँगकाँगने मात्र आपल्या चित्रपट पुरस्कारांच्या दुसऱ्याच वर्षी, 1983 मध्ये, हा मान द्यायला सुरुवात केली, आणि तो पहिला पुरस्कार ज्या चमूला मिळाला त्याचे म्होरके नट, दिग्दर्शक आणि मारामारीचे रचनाकार सॅमो हंग होते. त्याच सोहळ्यात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कारही विभागून मिळाला. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात उभ्या असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या कला वेगवेगळ्या शिकवल्या जातात. मारामारीचे दृश्य रचणाऱ्याला मात्र त्या सगळ्यांतच हात घालावा लागतो. त्याचे काम इतकी वर्षे कोणत्याच खात्यात का बसले नाही, हे हंग यांच्या कारकिर्दीवरून चांगले समजते.

त्यांचा जन्म 7 जानेवारी 1952 रोजी हाँगकाँगमध्ये झाला. घरात सिनेमा होताच. आजोबा दिग्दर्शक होते आणि आजी चिन त्सी-आंग ही चिनी युद्धकलापटांतल्या सुरुवातीच्या अभिनेत्रींपैकी एक होती. खरी घडण मात्र झाली ती यू जिम-युएन या वस्तादांच्या पेकिंग ऑपेरा शाळेत. वयाच्या नवव्या वर्षी, 1961 च्या सुमारास, सात वर्षांच्या करारावर त्यांना तेथे दाखल करण्यात आले. पुण्याच्या वाचकाला या शाळेची कल्पना यायची असेल, तर त्याने जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड आठवावे: लहान वयात कंपनीत आलेली मुले, मालकाच्या शब्दाबाहेर न जाणारा दिनक्रम, आणि गाणे, अभिनय, पडेल ते काम असे सगळे एकाच छताखाली. फरक एवढाच की यू वस्तादांकडे गळ्याइतकेच शरीरही घासून घेतले जाई. हातांवर तासन्‌तास उभे राहणे, कोलांट्या, तलवार आणि भाल्याचे हात, आणि चुकले की छडी, असा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा क्रम असे. मुलांना वस्तादांच्या नावातले ‘युएन’ मिळे. हंग तेथे युएन लुंग होते, धाकट्या मुलांत पुढे जॅकी चॅन म्हणून जगाला माहीत झालेला युएन लो होता, आणि त्याच घरात युएन बियाओ, युएन वाह आणि कोरी युएनही वाढले. थोरला म्हणून धाकट्यांवर धाक ठेवण्याचे काम हंग यांच्याकडे होते, आणि त्यांचा हात सौम्य नव्हता असे चॅन यांनीच नंतर सांगितले आहे.

साठच्या दशकात ऑपेराचा प्रेक्षक झपाट्याने आटला. या मुलांना जी विद्या शिकवली गेली होती तिला रंगमंचावर गिऱ्हाईक उरले नाही, पण शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत युद्धकलापटांची लाट उसळली होती, आणि तिथे उंचावरून पडणारी, हवेत गिरकी घेणारी, दिवसाच्या मजुरीवर काम करणारी शरीरे हवी होती. हाँगकाँगच्या मारधाडपटांचे मूळ अनेकदा केवळ कुंगफूत शोधले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. दुसरे अर्धे ऑपेराच्या तालमीत आहे, आणि हंग यांच्याकडे ताल, विराम आणि ठसठशीत मुद्रा यांची जी जाण दिसते ती तिथूनच आलेली आहे. दिग्दर्शक किंग हू यांच्या चित्रपटांत त्यांनी स्टंटची कामे केली. 1970 मध्ये शॉ सोडून बाहेर पडलेल्या रेमंड चाऊ यांनी गोल्डन हार्वेस्ट ही संस्था काढली, तेव्हा विशीही न गाठलेले हंग तिच्यासाठी मारामाऱ्या रचू लागले.

1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीच्या प्रसंगात ब्रूस ली यांच्यासमोर उभा असलेला गुबगुबीत तरुण म्हणजे सॅमो हंग. दोघांच्या हातांत बोटे उघडी ठेवणारे मोजे आहेत, आणि लढत संपते ती ठोशाने नव्हे, तर जमिनीवर हात पिळून घेतलेल्या शरणागतीने. आजच्या मिश्र युद्धकलेच्या सामन्यात शोभेल असा हा शेवट अनेकांच्या लक्षातही राहत नाही.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 1977 चा ‘आयर्न-फिस्टेड मंक’. पुढच्याच वर्षी ‘एंटर द फॅट ड्रॅगन’मध्ये त्यांनी ब्रूस ली यांच्या नकलेतून विनोद काढला, पण लढती मात्र गंभीरपणे रचल्या. जाड शरीराचा विनोदासाठी वापर कोणीही करील. हंग यांनी ते शरीर चपळ ठेवले आणि प्रेक्षकाच्या अपेक्षेलाच चकवा दिला.

या काळातले त्यांचे सर्वांत श्रेष्ठ काम, माझ्या मते, 1981 चा ‘प्रॉडिगल सन’. फोशानमधला एक श्रीमंत मुलगा स्वतःला अजिंक्य समजतो, कारण प्रतिस्पर्ध्यांनी हरावे म्हणून बाप त्यांना गुपचूप पैसे देत असतो. त्याचा भ्रम फोडणारा, विंग चुन या युद्धकलेचा गुरू हा एका ऑपेरा मंडळीत स्त्रीभूमिका करणारा नट आहे, आणि ती भूमिका लाम चिंग-यिंग यांनी केली आहे. ज्या शहराने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतल्या, तिथल्या प्रेक्षकाला या पात्राचा डौल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. विंग चुन ही जवळून लढण्याची पद्धत आहे. कोपर शरीरालगत, हात मध्यरेषेवर, पावले लहान. अशी लढत पडद्यावर सहसा गिचमीड दिसते. हंग यांनी कॅमेरा इतका मागे ठेवला की हातापायांची सगळी हालचाल चौकटीत मावते, आणि एका शॉटमध्ये बरेच आघात सलग घडू दिले. मध्येच क्षणभर सगळे थांबते, आणि मग पुन्हा उसळी येते. 1983 चा तो रचनेचा पुरस्कार याच चित्रपटाला होता.

या रचनेमागे हाँगकाँगची कामाची पद्धत होती. मारामारीचा प्रसंग आला की दिग्दर्शक बऱ्याचदा सेट रचनाकाराच्या हाती सोपवी. कॅमेरा कुठे, कट कुठे, कोण कुठल्या टेबलावर आदळणार, हे तोच ठरवी, आणि पुष्कळसे जागेवरच ठरे. सेकंदाला 24 ऐवजी 22 चौकटी टिपल्या की हालचाल किंचित वेगवान दिसते. कपड्यांवर भुकटी टाकली की आघाताची जागा डोळ्याला कळते. मात्र या युक्त्या वापरूनही वेळ साधणारा सहकारी समोर नसेल तर दृश्य फसते, आणि म्हणूनच हंग यांनी आयुष्यभर स्वतःचा स्टंट चमू सांभाळला.

हंग यांचा 1984 चा ‘व्हील्स ऑन मील्स’ बार्सिलोनात चित्रित झाला. त्यातल्या चॅन आणि किकबॉक्सर बेनी उर्किडेझ यांच्या लढतीत एका लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्यांची रांग विझते, ही गोष्ट आजही स्टंटवाले एकमेकांना दाखवतात. याच वर्षी हंग यांच्याच एका चित्रपटातून मिशेल येओ पहिल्यांदा पडद्यावर आल्या. 1988 च्या ‘पेंटेड फेसेस’मध्ये हंग यांनी आपल्याच वस्तादांची, यू जिम-युएन यांची भूमिका केली, आणि तिच्यासाठी त्यांना पुन्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ज्याची छडी खाल्ली त्याचे एकटेपण त्यांनी त्यात दाखवले आहे. पुढच्या वर्षी ‘पेडिकॅब ड्रायव्हर’मध्ये ते लाउ कार-लुंग यांच्याशी लांब काठ्यांनी लढले. लाउ हे दक्षिणेकडच्या हुंग गार या युद्धकलेच्या परंपरेचे वारसदार, हंग ऑपेराचे. दोन घराणी समोरासमोर आली ती एवढ्या मोजक्या मिनिटांत.

नव्वदच्या दशकात हाँगकाँगचा बाजार घसरला. हंग यांनी 1998 ते 2000 या काळात अमेरिकेत सीबीएस वाहिनीवरच्या ‘मार्शल लॉ’ मालिकेत मुख्य भूमिका केली. नाव झाले, पण रचनाकार म्हणून त्यांची खरी पुनरागमनाची खेळी ठरली ती 2008 चा ‘इप मॅन’. विंग चुनकडे सत्तावीस वर्षांनी परत येताना त्यांनी नायक डॉनी येन यांच्यासाठी ठोशांची जी सरबत्ती रचली तिला पुरस्कार मिळाला, आणि 2010 च्या दुसऱ्या भागालाही मिळाला. त्या भागात गोल टेबलावरची लढत आहे. खाली पाय ठेवायला जागा नाही, टेबल डुगडुगते, आणि समोर स्वतः हंग, नुकतीच हृदयावर शस्त्रक्रिया झालेले.

2023 मध्ये हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव देण्यात आला. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या ‘ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन’मध्ये 72 वर्षांचे हंग गुंडांच्या म्होरक्याच्या भूमिकेत लढताना दिसतात. त्या मारामाऱ्या त्यांनी रचलेल्या नाहीत. त्या डॉनी येन यांच्या चमूत घडलेले जपानी रचनाकार केंजी तानिगाकी यांच्या आहेत.