सेलिगमन : दोनदा रस्ता गमावलेलं गाव

सेलिगमनच्या ऐतिहासिक पेठेत वाडे नाहीत, देवळं नाहीत. आहेत ती मोटेलं, जुने पेट्रोल पंप, खानावळी आणि एक न्हाव्याचं दुकान. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं हे जेमतेम काहीशे वस्तीचं गाव आज 'रूट ६६' या महामार्गामुळे ओळखलं जातं. पण त्याला वसवलं रेल्वेने.

१८८६ मध्ये प्रेस्कॉट शहराकडचा रेल्वेफाटा इथे मुख्य मार्गाला मिळाला, म्हणून नाव पडलं प्रेस्कॉट जंक्शन. तो फाटा पुढे उखडला गेला आणि रेल्वेला भांडवल पुरवणाऱ्या सेलिगमन या सावकारी घराण्याचं नाव गावाला चिकटलं. १८९७ पासून गाड्यांवरचे कर्मचारी इथे बदलू लागले. रुळांसमोरच्या रेलरोड अव्हेन्यूवर बाजार जमला आणि १९२६ मध्ये आखलेला रूट ६६ही तिथूनच गेला.

१९३३ मध्ये मात्र महामार्ग एक गल्ली उत्तरेला, चिनो स्ट्रीटवर सरकला. नकाशावर डोळ्यांत भरणार नाही एवढाच बदल! पण जुन्या रस्त्यावर देल्गादियो या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबाचं केशकर्तनालय आणि बिलियर्डचा अड्डा होता. आधीच महामंदी, त्यात गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत गेलं. कुटुंब कॅलिफोर्नियाला निघालंच होतं. मुलांच्या वाद्यवृंदाला कामं मिळाली म्हणून थांबलं. त्यांतल्या हुआनने १९५३ मध्ये रेल्वेयार्डातलं भंगार लाकूड वापरून 'स्नो कॅप' हे खाण्याचं दुकान उभारलं. धाकट्या एंजलने वडिलांचा वस्तरा हाती घेतला आणि १९७२ मध्ये दुकान चिनो स्ट्रीटवर, चालत्या रस्त्यावर, हलवलं.

सहाच वर्षांनी, २२ सप्टेंबर १९७८ रोजी, गावाला वळसा घालणारा आय-४० हा नवा आंतरराज्य महामार्ग सुरू झाला आणि चिनो स्ट्रीटही ओस पडला. १९८५ मध्ये रूट ६६ महामार्गांच्या यादीतून गेला. त्याच वर्षी रेल्वेनेही इथे कर्मचारी बदलणं थांबवलं.

१९८७ मध्ये एंजलने आसपासच्या व्यावसायिकांना जमवून संघटना काढली, सरकारदरबारी पत्रांचा मारा केला. त्याच वर्षी राज्याने सेलिगमन ते किंगमन हा पट्टा ऐतिहासिक मार्ग ठरवला. मग पर्यटक आले, रंगरंगोटी झाली. थोडी भडकच, पण त्या रंगांवरच पोट चाललं. २००५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत पेठेची नोंद झाली. रेल्वेने १९०५ मध्ये बांधलेलं हवासू हाउस हे हॉटेल मात्र २००८ मध्ये पाडलं गेलं.