होरेमहेबचं एकोणसाठावं वर्ष

इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या मेस नावाच्या लेखनिकाच्या कबरीत भिंतीवर जमिनीचा एक दावा कोरलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं भांडण, बनावट नोंदी, साक्षीपुरावे, सगळं त्यात आलं. सातबाऱ्याच्या भानगडी पाहिलेल्या माणसाला नवल वाटू नये. अभ्यासकांना त्यात खटकतो तो एक आकडा. एका नोंदीवर तारीख आहे होरेमहेब राजाच्या 59व्या वर्षाची, आणि होरेमहेब एवढी वर्षं गादीवर नव्हताच.

इजिप्तमध्ये शालिवाहन शकासारखी अखंड मोजणी नव्हती. राजा आला की वर्ष पहिलं. तो गेला की पुन्हा पहिलं. यामागे धर्म होता. जिवंत राजा म्हणजे होरस देव, मेलेला राजा म्हणजे ओसायरिस देव, आणि नवा राज्याभिषेक म्हणजे सृष्टीची घडी पुन्हा बसवणं. त्यामुळे कोणाची वर्षं मोजायची, हा प्रश्नही धर्माचाच झाला.

होरेमहेबच्या आधीच्या अखेनातेन राजाने 17 वर्षांच्या कारकिर्दीत आमुन देवाचं नाव ठिकठिकाणी छिन्नीने खरवडून काढलं. पुढे जुना धर्म परतला आणि अखेनातेनच राजा म्हणून नकोसा झाला. मेसच्या लेखात तो 'अखेतातेनचा शत्रू' आहे; अखेतातेन ही त्याची राजधानी. त्याची आणि त्याच्यामागून आलेल्या तुतनखामुन, आय या राजांची वर्षं जाणार कुठे? ती होरेमहेबच्या खात्यावर चढवली, असं बहुतेकांचं मत. 59 मधून ती तीस-बत्तीस वर्षं वजा केली की उरतात सुमारे 27, म्हणून होरेमहेबची कारकीर्द 27 वर्षांची, असं गणित बरीच वर्षं चाललं.

मग राजांच्या खोऱ्यातल्या त्याच्या कबरीत नव्याने खोदकाम झालं आणि मद्याच्या रांजणांची लेख असलेली खापरं मिळाली. इजिप्तमध्ये रांजणावर शाईने वर्ष आणि मळा लिहायची पद्धत होती. दफनाला ठेवलेल्या या रांजणांवर 13वं आणि 14वं वर्ष आहे, त्यापुढचं एकही नाही. म्हणजे कारकीर्द 14 वर्षांची? मग मेसची बेरीज जुळत नाही, आणि वाद तसाच आहे. माझा कल रांजणांकडे. मद्य भरणाऱ्याला कोणाचं नाव मिटवायचं नव्हतं.

अबायडोसच्या देवळातली सेती पहिला या राजाची प्रसिद्ध राजांची यादी तर उघडच पूजेची आहे. पूर्वजांना नैवेद्य पोचावा म्हणून 76 नावं. त्यात अखेनातेनचा बाप आमेनहोतेप तिसरा, त्याच्यानंतर थेट होरेमहेब येतो. राज्य केलेल्या हत्शेपसुत राणीचाही पत्ता नाही. राजांची घराण्यांत विभागणी मनेथो या पुरोहिताने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केली. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, उरले इतरांनी घेतलेले उतारे.

आकाशाची मदत होते, पण तिथेही गोम आहे. इजिप्तचं वर्ष नेमकं 365 दिवसांचं होतं, त्यामुळे ते दर चार वर्षांनी एक दिवस सरकायचं. व्याधाचा तारा पहाटे पुन्हा कधी दिसला याची तारीख मिळाली, की वर्ष काढता येतं. एबर्स पपायरस या वैद्यकाच्या जुन्या गुंडाळीत आमेनहोतेप पहिल्याच्या 9व्या वर्षाची अशी नोंद आहे. मात्र दक्षिणेकडे व्याध आधी उगवतो. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे एक दिवस, म्हणजे हिशेबात चार वर्षं. निरीक्षण उत्तरेकडच्या मेंफिसचं की दक्षिणेकडच्या थीब्सचं, एवढ्यावरून उत्तर वीसेक वर्षांनी हलतं.

2010 मध्ये क्रिस्तोफर ब्रॉन्क रॅम्सी आणि सहकाऱ्यांनी सजीव वस्तूंचं वय मोजणारी कार्बन-14 पद्धत लावली. इजिप्तमधून नमुने बाहेर नेता येत नाहीत, म्हणून परदेशी संग्रहालयांतल्या बिया, टोपल्या, कापड असे 211 नमुने घेतले. लाकूड मुद्दाम टाळलं, कारण झाड शेकडो वर्षं जगतं आणि त्याचं लाकूड पुन्हापुन्हा वापरलं जातं. बी मात्र एकाच हंगामाचं. होरेमहेब ज्या कालखंडातला, त्या नव्या साम्राज्याची सुरुवात इसवी सनापूर्वी 1570 ते 1544 च्या दरम्यान निघाली. लेखांवरून बांधलेला कालक्रम मोठ्या प्रमाणात टिकला, पण या काळासाठीही अचूकता सरासरी 24 वर्षांची. 14 की 27, हे त्यातून सुटत नाही.