संगणक नेमका कुठे अडला?

संगणक सुरू होईनासा झाला की मुंबईकराची पावले लॅमिंग्टन रोडकडे किंवा घराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानाकडे वळतात आणि तिथे त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: ‘फॉरमॅट मारून घ्या.’ डिस्क पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवण्याचा हा उपाय कधीकधी लागू पडतो, हे खरे आहे. पण बिघाड रॅमच्या पट्टीत, केबलमध्ये किंवा मदरबोर्डवरच्या बॅटरीत असेल, तर तो फॉरमॅटनंतरही तसाच राहतो आणि त्याचा माग काढता येईल असा पुरावा तेवढा पुसला जातो. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या बाबतीत तर ही घाई अगदीच अनाठायी आहे, कारण सुरू होताना आपण काय केले, कशाची वाट पाहिली आणि कुठे अडलो, याची तपशीलवार नोंद ती स्वतःच ठेवत असते. ती नोंद वाचण्यासाठी संगणक सुरू होण्याचे टप्पे माहीत असावे लागतात. प्रत्येक टप्पा आपले काम उरकून पुढच्या टप्प्याकडे सूत्रे सोपवतो. त्यामुळे सूत्रे कोणत्या दोन टप्प्यांच्या मध्ये अडली एवढे कळले, तरी शोधाचे क्षेत्र एकदम आटोक्यात येते.

एकेकाळी लिनक्स सुरू करून देण्याचे काम ‘लिलो’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करत असे. त्याच्या नावातली चार इंग्रजी अक्षरे पडद्यावर एकामागून एक उमटत आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार पडल्याची खूण असे. फक्त पहिले ‘एल’ उमटून यंत्र थांबले, तर लिलोचा पहिला भाग स्मृतीत आला पण दुसरा वाचता आला नाही. ‘एल’ आणि ‘आय’ उमटून थांबले, तर दुसरा भाग स्मृतीत आला पण चालू झाला नाही. चार अक्षरांत बसवलेली ही निदानाची पद्धत मला आजही फार सुंदर वाटते, कारण यंत्राने अडण्यापूर्वी आपला ठावठिकाणा सांगून ठेवावा, हा विचार त्यात आहे.

आज हेच काम शेकडो ओळी करतात, मात्र सामान्य वापरकर्ता गोंधळू नये म्हणून लिनक्सच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे तयार संचांत, त्या ओळी बोधचिन्हाच्या चित्रामागे लपवलेल्या असतात. चित्रावरच यंत्र गोठले, तर पहिले काम म्हणजे तो पडदा बाजूला करणे. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबल्यास ग्रब या बूटलोडरची, म्हणजे लिलोचेच काम आज करणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी दिसते. तिथे ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडून एफ१० दाबले, की यंत्र आपला सगळा कारभार उघड्यावर करू लागते. हा बदल तेवढ्या एका खेपेपुरताच असतो, त्यामुळे तो करायला भिण्याचे कारण नाही. पडदा गोठला की त्यावरच्या शेवटच्या दहा-बारा ओळींचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, स्रोत सर्वांना खुला असल्याने, त्यातला प्रत्येक संदेश स्रोतातल्या कोणत्या ओळीतून येतो आणि ती ओळ कोणत्या परिस्थितीत चालते, हे कुणालाही शोधून काढता येते. बंदिस्त कार्यप्रणालीत ही सोय नसते.

पहिला टप्पा मात्र लिनक्सच्या आधीचा आहे. वीज मिळताच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर जागे होते, प्रोसेसर, रॅम आणि पडदा यांची चाचणी घेते आणि मगच डिस्ककडे वळते. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण पडद्यावर मदरबोर्डच्या कंपनीचे नावसुद्धा येत नाही, अशी स्थिती असेल तर दोष लिनक्सचा असूच शकत नाही, कारण त्याची पाळीच आलेली नसते. अशा वेळी ऐकू येणाऱ्या ‘बीप’ आवाजांचा किंवा मदरबोर्डवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अर्थ त्या-त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. एक अपवाद लक्षात ठेवावा: डीडीआर५ प्रकारची नवी रॅम बसवल्यावर फर्मवेअर तिच्याशी वेळेचा मेळ बसवण्यात काही मिनिटे घालवू शकते आणि तोवर पडदा काळाच राहतो. ते यंत्र मेलेले नसते, त्याला थोडा वेळ द्यायचा असतो.

मुंबईत या पहिल्या टप्प्यावरच्या बिघाडांना हवेचीही साथ असते. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि समुद्रावरून येणाऱ्या हवेत क्षारांचे सूक्ष्म कण असतात. रॅमच्या पट्टीच्या कडेवरच्या संपर्कबिंदूंना सोन्याचा मुलामा दिलेला असतो, कारण सोने गंजत नाही. पण हा थर इतका पातळ असतो की त्यातल्या बारीक छिद्रांतून आणि ओरखड्यांतून ओल व क्षार खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचतात, तिथे तयार झालेला गंज पृष्ठभागावर पसरतो आणि संपर्कातला विद्युतरोध वाढतो. दुकानातला कारागीर रॅम काढून खोडरबराने घासतो आणि संगणक सुरू होतो, त्यामागे हेच कारण असते. तरीही वारंवार घासण्याने तो सोन्याचा थरही झिजतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसणे अधिक चांगले. पुसण्यापूर्वी वीज तोडावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एका वेळी एकच लावून पाहावी आणि मग खाच बदलावी. बिघाड पट्टीबरोबर फिरला तर पट्टी सदोष आणि एकाच खाचेत राहिला तर खाच सदोष. संशय उरलाच तर ‘मेमटेस्ट८६प्लस’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवावा. तो कोणत्याही कार्यप्रणालीशिवाय चालतो, आणि त्याने दाखवलेली एकही चूक किरकोळ मानू नये. सदोष रॅममुळे होणारे अनर्थ फार फसवे असतात: फाइल उघडत नाही, अद्ययावतीकरण मध्येच फसते, वेगवेगळे प्रोग्रॅम बंद पडतात आणि दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी जातो.

मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटणासारख्या बॅटरीचेही असेच आहे. ती संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो, लिनक्सचे अद्ययावतीकरण ‘हे अजून वैध झालेले नाही’ अशी तक्रार करते आणि माणूस इंटरनेट जोडणी तपासत बसतो. शिवाय काही मदरबोर्डांवर फर्मवेअरच्या जतन केलेल्या मांडण्या मूळपदाला जातात, आणि डिस्कची मांडणी ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर उलटली तर कालपर्यंत दिसणारी डिस्क लिनक्सला आज दिसेनाशी होऊ शकते. मात्र घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स असले की विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते आणि लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेवर धरते. भारतीय वेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने, या बाजूकडून त्या बाजूला जाताना नेमका तेवढाच फरक पडतो.

फर्मवेअरनंतर बूटलोडरची पाळी येते. फर्मवेअरच्या जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सगळे बसवावे लागे: ४४६ बाइट्सचा प्रोग्रॅम, ६४ बाइट्सचा विभागांचा तक्ता आणि शेवटी २ बाइट्सची खूण. आजच्या यूईएफआय पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक वेगळा लहान विभाग असतो आणि बूटलोडर तिथे साध्या फाइलच्या रूपात राहतो. त्या फाइलचा पत्ता मात्र मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला असतो. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर किंवा विंडोजने क्रम बदलल्यावर हा पत्ता हरवतो, आणि ‘लिनक्स उडाले’ असे वाटते. प्रत्यक्षात डिस्कवरचे काहीही हललेले नसते आणि फर्मवेअरच्या यादीत क्रम पुन्हा लावला तरी बहुधा काम होते. पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसले, तर ग्रबला स्वतःचेच उरलेले भाग सापडत नाहीत, आणि हे बहुतेकदा कुणी डिस्कचे विभाग पाडले किंवा पुसले की घडते. नुसते ‘ग्रब’ दिसले, तर ते भाग सापडले आहेत पण यादीची फाइल सापडत नाही. दोन्ही वेळा लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर न बसवताच लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतो, आणि आपल्या फायलींना धक्काही लागत नाही.

तिसऱ्या टप्प्यावर एक मनोरंजक पेच आहे. डिस्क वाचण्यासाठी लागणारा चालक प्रोग्रॅम डिस्कवरच असतो, मग तो आधी वाचायचा कसा? यावर लिनक्सने काढलेला तोडगा असा, की अत्यावश्यक चालकांची एक छोटी तात्पुरती फाइलव्यवस्था, म्हणजे ‘इनिटरॅमएफएस’, बूटलोडरनेच कर्नलबरोबर रॅममध्ये आणून ठेवायची. कर्नलने तिच्या आधारे खरी डिस्क शोधून जोडायची आणि मग ती सोडून द्यायची. ‘मूळ फाइलव्यवस्था जोडता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन कर्नल ‘पॅनिक’ झाले, म्हणजे पुढे जाता न आल्याने थांबले, तर ही तात्पुरती व्यवस्था अर्धवट तयार झाल्याचा संशय घ्यावा. बूट विभाग जुन्या कर्नलांनी भरून गेला असताना नवे कर्नल बसवले की असे होऊ शकते. ग्रबच्या ‘अधिक पर्याय’ या यादीत जुने कर्नल ठेवलेले असते ते अशाच प्रसंगासाठी. ते निवडून आत शिरावे, जागा मोकळी करावी आणि नवे कर्नल पुन्हा बसवावे.

पुढे सिस्टमडी हा पहिला प्रोग्रॅम सूत्रे हाती घेतो आणि सेवा सुरू करतो. इथे यंत्र दीड मिनिट थांबून मग ‘आपत्कालीन अवस्थे’त जात असेल, तर कारण बहुधा ‘एफएसटॅब’ या, सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमध्ये असते: काढून टाकलेल्या एखाद्या डिस्कचे नाव तिथे राहून गेलेले असते आणि सिस्टमडी तिची ठरलेली ९० सेकंद वाट पाहत असतो. ती ओळ खोडली की काम झाले. सगळे सुरू होऊनही पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून पाहावे. अक्षरांचा साधा पडदा आला तर यंत्र जिवंत आहे आणि अडचण फक्त चित्र उमटवण्याची आहे. ग्राफिक कार्डाचा चालक अडत असेल तर ग्रबच्या त्याच ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून तात्पुरते आत शिरता येते. मुख्य डिस्क पूर्ण भरली असली तरीही लॉगिन होऊन पडदा पुन्हा लॉगिनवरच परततो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पारेषणातल्या बिघाडाने मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्याही जागच्या जागी थांबल्या. यूपीएस नसलेला कोणताही संगणक अशा क्षणी लिहिता लिहिता बंद पडतो. लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था अशा प्रसंगासाठी ‘जर्नल’ ठेवते: फायलींच्या मांडणीत काय बदल करायचा आहे हे आधी तिथे लिहायचे आणि मग प्रत्यक्ष बदल करायचा. वीज परत आल्यावर जर्नलमधल्या पूर्ण नोंदी पुन्हा अमलात आणल्या जातात, अपुऱ्या सोडून दिल्या जातात आणि काही क्षणांत मांडणी सुसंगत होते. मात्र नेहमीच्या मांडणीत हे संरक्षण फायलींच्या रचनेला असते, मजकुराला नसते. शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेला मजकूर गेलाच असे समजावे. ‘एफएससीके हाताने चालवा’ असा संदेश आला, तर जर्नलला न सावरता येणारी विसंगती सापडली आहे. एफएससीके म्हणजे फाइलव्यवस्था तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम; ती तपासणी जोडलेल्या आणि लिहिता येणाऱ्या विभागावर कधीही चालवू नये, कारण दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखालची फाइलव्यवस्था त्याच वेळी बदलत राहते.

यंत्र एकदा सुरू झाले, की मागच्या अयशस्वी खेपेची नोंद ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने वाचता येते, आणि ‘स्मार्ट’ या व्यवस्थेद्वारे डिस्कलाही तिची प्रकृती विचारता येते. आज्ञा लिहायची सवय नसलेल्यांसाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह मोफत आहेत. साटा, म्हणजे केबलने मदरबोर्डला जोडायच्या, डिस्कच्या स्मार्ट तक्त्यात तीन ओळी आधी पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून बदललेले भाग, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकाल राखून ठेवलेले भाग आणि १९९ म्हणजे डिस्क ते मदरबोर्ड या वाटेवर बिघडलेली माहिती. १९९चा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहावी. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो जागीच थांबला तर दोष केबलमध्येच होता. पाच आणि १९७चे आकडे वाढत असतील, तर मात्र डिस्क खचते आहे. तिच्यावर एफएससीके चालवणे, पुन्हा पुन्हा यंत्र सुरू करून पाहणे किंवा फॉरमॅट मारणे, यांतले प्रत्येक पाऊल उरलेली माहिती धोक्यात घालते. सर्वांत आधी तिच्यापेक्षा मोठी दुसरी डिस्क जोडून, लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘डीडीरेस्क्यू’ने तिची नक्कल घ्यावी. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारे भाग आधी उचलतो, अवघड भागांकडे नंतर वळतो आणि काय वाचून झाले याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे मध्येच डिस्क तापली किंवा वीज गेली, तरी दुसऱ्या दिवशी काम राहिले होते तिथूनच पुढे सुरू करता येते. एफएससीके चालवायचे ते मग त्या नकलेवर.