मारुतीच्या कमरेला पाणी कधी लागलं?

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. समजा एका दिवसाची नोंद अशी आहे: सकाळी १० ला गुडघे, १२ ला कंबर, दुपारी २ ला छाती, ४ ला पुन्हा कंबर.

यातली कुठलीही वेळ घ्या, पाणी कुठे होतं याचं उत्तर एकच मिळतं. म्हणून वेळेकडून उंचीकडे जाणारा हा संबंध फलन, म्हणजे फंक्शन आहे. त्याला सूत्र लागत नाही. ही सूत्राची अट डिरिक्ले या गणितज्ञाने १८३७ मध्येच बाजूला ठेवली. आता उलट विचारा, कमरेला पाणी कधी होतं? १२ ला आणि ४ लाही. हे फलन नाही. आकडे तेच, दिशा बदलली. म्हणून आधी 'कशावरून काय' ते ठरवा.

मुलं हमखास चुकतात ती इथे: कंबर दोनदा आली म्हणून पहिला संबंधही बाद करतात. उत्तर पुन्हा आलं तर बिघडत नाही. (१२, कंबर) ही जोडी दोनदा लिहिली तरी चालतं. पण सोबत (१२, छाती) आली की फलन मोडलं. ३ ची नोंदच नसेल, तर ३ ला प्रांतात, म्हणजे ज्यांच्यावरून उत्तर शोधायचं त्या किमतींच्या यादीत, घेता येत नाही.

आलेखावर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवा. एका जागी जरी ती आलेखाला दोनदा छेदत असेल, तर फलन नाही. पायऱ्यांसारखा उड्या घेत जाणारा आलेख असेल तर उडीपाशी टिंबं बघा: भरीव मोजायचं, पोकळ सोडायचं. समीकरण असेल तर य सोडवा. क्ष² + य² = २५ मध्ये क्ष = ३ ठेवलं की य = ४ किंवा −४, म्हणून य हे क्ष चं फलन नाही. पण वर्ग दिसला की नापास, असंही नाही; य = क्ष² हे चोख फलन आहे.

लासलगावच्या कांदा लिलावात एकाच दिवशी ट्रॉलीगणिक भाव बदलतो, त्यामुळे तारखेवरून भाव हे फलन होत नाही. मग बाजार समिती जाहीर करते तो सर्वसाधारण भाव घ्यावा, तर लाल आणि उन्हाळी कांदा एकाच दिवशी आला की तेही दोन होतात. तिथे तारीख आणि कांद्याचा प्रकार अशी जोडीच प्रांतात घ्यावी लागते.